सई आली, सखू राहिली

शके १५७९, ज्येष्ठ सरत आलेला. तुम्ही कापूरहोळात उभ्या आहात आणि हमरस्ता अजून झालेला नाही. साताऱ्याकडे धावणारे ट्रक नाहीत, भोरकडे वळणाऱ्या एस.टी.साठी पिशव्या सांभाळत बसलेली माणसं नाहीत. पूर्वेची पुरंदरची रांग तेवढी ओळखीची. तिच्या माथ्यावर ढग अडकलेत, भाताचे तरवे टाकून झालेत, आणि गाडे पाटलांच्या दारात एक घामाघूम घोडा उभा आहे.

गडावरून माणूस आलाय. शुद्ध द्वादशीला, १४ मे १६५७ रोजी, पुरंदरावर शिवाजीराजांना मुलगा झाला. बाळंतिणीची तब्येत धड नाही, बाळाला दूध पुरत नाही. दूधआई हवी. माणूस नाव घेऊनच आलाय: धाराऊ. ओसरीवरून आत, आतून परसात हे नाव तीन-चार तोंडांतून फिरतं आणि थोड्या वेळाने एक बाई पदर खोचत बाहेर येते. तिच्या अंगावर दूध आहे, आणि एवढ्यावरच तिचं पुढचं आयुष्य ठरणार आहे.

तुम्ही इथे आलात ते मात्र बाळंतिणीच्या नावासाठी. तुम्ही आत्या झाल्या आहात. भावाला मुलगी झाली, वेल्ह्याला बारसं आहे, नाव ठेवायचा मान तुमचा. पत्रिकेत कुंभ रास निघाली, म्हणजे ग नाहीतर स. फोनमध्ये वहिनीने पाठवलेली यादी आहे, तिच्यात सर्वांत वर ‘सई’. खाली तिने लिहिलंय की जुनं आहे, पण किती गोड आहे ना! तुम्हाला त्या ‘जुनं’चा तळ बघायचा होता. फोन इथे चालत नाही. यादी पाठ आहे, तेवढं पुरे.

पण घोडेवाल्याच्या तोंडून ते नाव येतच नाही. बाळंतीण कोण हे सगळ्यांना माहीत आहे, तिचं नाव मात्र कुणी घेत नाही. ती फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, १६४० साली राजांशी लग्न झालेली, त्यांची थोरली राणी. असल्या घरातल्या बाईला लोक नात्याने ओळखतात, मानाने ओळखतात. नवराही बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही आणि बायको नवऱ्याचं घेत नाही, घ्यायचं झालं तर उखाण्याच्या आडून. ज्याला हाक मारून कामाला बोलवायचं, त्याचंच नाव गावभर होतं. म्हणून आज कापूरहोळात धाराऊचं नाव सगळ्यांच्या जिभेवर आहे आणि सईबाईंचं एकाच्याही नाही.

आता विहिरीकडे चला. तिथे मात्र तुम्हाला ते ऐकू येतं. घागर डोक्यावर चढवून द्यायला एक बाई दुसरीला म्हणते, ‘सये, हात लाव गं.’ दुसरी तिसरीला ‘सई’ म्हणते, तिसरी चौथीला. इथे ते नाव नाहीच. ती हाक आहे. जिच्यापाशी मन मोकळं करता येतं अशी कोणीही बाई इथे सई आहे.

या हाकेचं वय बघायचं तर आणखी बरंच मागे जावं लागतं, सातवाहनांच्या काळापर्यंत. हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त सातशेच्या आसपास गाथा आहेत, महाराष्ट्री प्राकृतातल्या, आणि त्यांतल्या कितीतरी एका बाईने दुसरीला सांगितलेल्या आहेत. नवरा परगावी गेलाय, दीर नजर ठेवून आहे, नदीकाठी कोणी भेटलं. हे सगळं ज्या मैत्रिणीच्या कानात सांगितलं जातं तिला त्या गाथा ‘सहि’ म्हणतात. संस्कृतातल्या सखीचा ख बोलता बोलता झिजून ह झाला, मग तोही गेला. राहिली सई. गोदावरीच्या काठच्या त्या बायकांमध्ये तुम्ही फार वेळ थांबू नका. तुम्हाला पुन्हा मावळात यायचंय, आणि वाटेत एक गोष्ट लक्षात घ्यायची आहे जी वहिनीच्या यादीत नाही.

सईबाईंना संभाजीराजांच्या आधी तीन मुली झाल्या: सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई. सखूबाई निंबाळकरांकडेच दिली, मामाच्या घरी, बजाजींच्या मुलाला, महादजीला. सखू हेही त्याच सखीतून आलेलं. म्हणजे आई सई आणि लेक सखू, एकाच शब्दाच्या दोन फांद्या एका घरात वाढल्या. पुढे संभाजीराजांनी येसूबाईंच्या हाती कारभाराचा शिक्का दिला, त्यावर ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी अक्षरं आहेत. आई, बहीण, बायको. या माणसाच्या आयुष्यातल्या तिघीजणी कुठल्या ना कुठल्या रूपात सखीच होत्या. यात कुणी काही जुळवून आणलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हा हा शब्द राजवाड्यात आणि विहिरीवर सारखाच चालत होता, इतकंच त्यातून दिसतं.

पुढचा मुक्काम राजगड. शके १५८१, विकारी संवत्सर, भाद्रपद वद्य चतुर्दशी, सोमवार. इंग्रजी तारीख ५ सप्टेंबर १६५९. पितृपंधरवड्याचा शेवट, उद्या सर्वपित्री. तुम्ही पाल गावातून वर निघालात, पाली दरवाजाच्या वाटेने. ही गडाची राजवाट. पायऱ्या रुंद आहेत, पण भादव्याच्या ओलीने शेवाळल्यात, आणि दोन्ही अंगांना तेरडा माजलाय. खाली गुंजवणीच्या खोऱ्यात भात पोटरीला आलंय. या डोंगराला मुरुंबदेव म्हणायचे. त्याचा राजगड होऊन फार दिवस झाले नाहीत, म्हणजे नाव बदलायची रीत या खोऱ्याला नवी नाही.

गडावर गडबड आहे, पण निराळीच. अफझलखान वाईला येऊन बसलाय. राजे जावळीच्या अंगाला, प्रतापगडाच्या तयारीत. डाकेची माणसं येतात, जातात. पद्मावती माचीवर धान्य भरलं जातंय, तळ्याच्या काठाने पाणी वाहणाऱ्या बायकांची रांग आहे. आणि वाड्यात गेले कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेली ती बाई आज जाते. मुलगा सव्वादोन वर्षांचा. त्याला घेऊन बसलेली धाराऊ आहे की आणखी कोणी, तुम्हाला दारातून नीट दिसत नाही. आजी जिजाबाई आहेत, इथून पुढे त्याला वाढवायचं त्यांच्याच हाती येणार. खान संपायला अजून दोन महिने आहेत. १० नोव्हेंबरचा प्रतापगड पुढे शेकडो पोवाड्यांत येईल, शाळेच्या पुस्तकात येईल, गणपतीच्या देखाव्यात येईल. आजचा सोमवार येणार नाही.

इथेही तुम्ही कान देऊन ऐकता. रडणाऱ्या बायका आहेत. कुणी ‘माय’ म्हणतं, कुणी ‘बाई’. नाव नाही. पाणी वाहणाऱ्यांच्या रांगेत मात्र एकीने दुसरीला कोपराने ढोसलेलं तुम्ही पाहता: ‘सये, ऐकलंस?’

नाव कागदावर उतरतं ते नंतर, आणि ते उतरवायची रीत बघायला भोर तालुक्यातल्या कारीला गेलं पाहिजे. रोहिडखोऱ्यातलं हे जेध्यांचं गाव. कान्होजी जेधे खानाचं बोलावणं झुगारून राजांच्या बाजूला उभे राहिले, ती कथा तुम्हाला ठाऊक असेल. त्यांच्या घराण्यात एक शकावली जपून ठेवलेली होती. शक, संवत्सर, मास, तिथी, वार, आणि मग काय घडलं ते एका ओळीत. या लिखाणाला गहिवर माहीत नसतो. लढाई असो, जन्म असो की मरण असो, ओळ तेवढीच. तुम्ही १९०७ सालात पाऊल टाका. कारीच्या दयाजीराव सर्जेराव जेध्यांनी ती शकावली लोकमान्य टिळकांकडे दिली आहे. टिळकांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात छापली, आणि मग शिवजन्माच्या तिथीवरून विद्वानांत जो धुरळा उडाला तो पुढे कित्येक दशकं खाली बसला नाही. पुरुषांच्या तारखांसाठी एवढी भांडणं झाली. भोसल्यांच्या घरातल्या बायकांची नावं मात्र याच जुन्या बाडांच्या कडेकडेने निमूट बाहेर आली.

आणि १९१६ साली भोर संस्थानात, पंतसचिवांच्या राज्यात, सई नावाची एखादी तान्ही मुलगी सापडते का ते तुम्ही शोधू लागता. सापडणं कठीण. सखू मात्र हाकेसरशी चार येतील.

का ते कळायला पहाटे चार वाजता एखाद्या मावळी घरात शिरायला हवं. साल कुठलंही घ्या, १९२० घ्या. जातं सुरू आहे. नाचणीचं पीठ पडतंय. खुंट्याला दोन बाया समोरासमोर. त्यांच्या ओव्यांत भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, आणि मैत्रीण आहे. सया, सयांनो, शेजीबाई. या ओव्या कोणी लिहून ठेवल्या नसत्या तर पिठाच्या गिरणीने त्या कायमच्या बंद केल्या असत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. त्या नावांची यादी वाचणं हा मला ओव्यांइतकाच मोठा ठेवा वाटतो.

जात्यावर बसलेल्या त्या दोघींना तुम्ही विचारता, पोरीचं नाव सई ठेवाल का? दोघी हसतात. ‘हाक मारायचं नाव हाय ते. पोरीला कसं ठिवायचं?’ एकीच्या मांडीवर पेंगलेली पोर आहे, तिचं नाव सखू. ते चालतं. पंढरीच्या वाटेचं नाव आहे ते, कऱ्हाडच्या संत सखूचं. सासूने खांबाला बांधून घातलं आणि विठ्ठल तिच्या जागी राबायला आला, ती सखू. पोरीला उद्या सासुरवास होणार हे तिच्या आईला माहीत आहे, तेव्हा नाव तरी असं असावं की देवाला वाट सापडेल. लग्नात नाव बदलेलही, ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरं लिहितील, पण माहेरी ती सखूच.

आता १९३८. मावळ सोडून पुण्याच्या रँग्लर परांजप्यांच्या घरात या. त्यांची लेक शकुंतला, केंब्रिजला शिकलेली, संततिनियमनाच्या कामासाठी शिव्या खाल्लेली, रशियन चित्रकाराशी लग्न करून पुढे वेगळी झालेली. मार्च महिन्यात तिला मुलगी झाली आणि नाव ठेवलं सई. मोठेपणी ही मुलगी ‘स्पर्श’, ‘चश्मेबद्दूर’, ‘कथा’ करणार आणि आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘सय’ म्हणणार. तेव्हाच्या पुण्यात मालती, कुमुद, नलिनी, सुलोचना अशी फुलाफुलांची, संस्कृत-बंगाली वळणाची नावं जोरात होती. त्या गर्दीत सई कानाला किती वेगळं लागलं असेल याचा अंदाज करा. पोथीतलं नाही, कादंबरीतलं नाही, देवाचंही नाही.

आणि तीनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्याच पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने ‘संत सखू’ आणला. हंसा वाडकर सखू झाल्या. सिनेमा पाहून बाया डोळे पुसत बाहेर पडतात, पण पुण्यातल्या वाड्यांमधून त्या वर्षी सखू नावाच्या मुलींची लाट आली असं काही तुम्हाला दिसत नाही. सखूला हात जोडायचे, पोरीला ते नाव द्यायचं नाही. मला वाटतं दोघींच्या वाटा इथेच फुटल्या.

तुम्ही तशाच थांबा, १९५०, ६०, ७०. स्वारगेटला भोर-वेल्ह्याकडच्या एस.टी. येऊन लागतात. पानशेतच्या, भाटघरच्या धरणांनी जमिनी खाल्लेली माणसं उतरतात, डोंगरावरच्या पावसावर न भागणारी माणसं उतरतात. पुरुष मुंबईला गिरणीत, हमालीला. बायका पुण्यात धुणंभांड्याला. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यात मागच्या दाराने जी आत येते ती सखूबाई, तानूबाई, भागूबाई, हौसाबाई. आणि ‘बाई’ या शेपटाची गंमत बघा. १६५९ साली ते मानाचं होतं, राण्यांच्या नावामागे लागायचं. आता ते शाळेत शिकवणाऱ्या बाईंना लागतं आणि भांडी घासणाऱ्या बाईला लागतं. सखू नाव बदनाम कधी झालं नाही. ते कामाला लागलं. नाटकातल्या मोलकरणीला, मासिकातल्या विनोदातल्या गावंढळ बाईला, फडावर येणाऱ्या मालकिणीच्या हाताखालच्या पोरीला लेखकमंडळी हातासरशी हेच नाव देऊ लागली. एकदा असं झालं की त्या नावाला पुढच्या दाराने घरात घेणं कुणाला जमत नाही.

सई या सगळ्यातून वाचली, कारण ती कुठेच नव्हती. कुणाच्या मोलकरणीचं नाव सई नव्हतं. कुणाच्या खाष्ट आत्याचं नव्हतं, जुन्या फोटोतल्या नऊवारीतल्या विधवा चुलतीचंही नव्हतं. विहिरीवरची हाक विहिरींसोबत आटली, जात्यावरची जात्यासोबत थांबली. माजघरातल्या जुन्या पितळी डब्याला चिंच लावली की तो दिवाणखान्यात ठेवता येतो, पण रोज पाणी तापवणाऱ्या पातेल्याच्या वाट्याला ते येत नाही. सईचा तो डबा झाला. जुनेपणाचा मान मिळायला आधी वापरातून जावं लागतं. ज्या नावांना सुट्टीच मिळाली नाही, ती जुनी असूनही ‘जुनी’ म्हणून मिरवता आली नाहीत.

याला पुरावा म्हणून तुम्ही एक आडवळण घ्या. ऑक्टोबर २०११, शेजारचा सातारा जिल्हा. नीरा ओलांडली की पलीकडे. सभागृहात शाळकरी मुली ओळीने बसल्यात, एकूण २८५. सगळ्यांची नावं नकुसा, नकोशी. मुलगा हवा असताना झालेल्या. जिल्हा परिषदेने त्यांना नवं नाव घ्यायची सोय केली आहे. त्यांनी कुठली नावं घेतली? ऐश्वर्या, वैशाली, सावित्री. झगमगीत, भरघोस, सगळ्यांना कळणारी. जिच्या वाट्याला जुनं म्हणजे घरच्यांनी आयुष्यभरासाठी चिकटवलेला नकार आला, तिने आणखी जुन्यात हात का घालावा? जुन्या नावाची हौस हीसुद्धा मिळकतीसारखी असते, सगळ्यांकडे सारखी नसते. वहिनीला हे बोलून दाखवू नका, बारशाच्या तोंडावर भांडण नको.

मग या आता, आजच्यात. चेलाडी फाट्याला वळा, नसरापूर, मार्गासनी, उजव्या-डाव्या हाताला भातखाचरं, आणि समोर तोरणा. तालुक्याचं नाव वेल्हे होतं, सरकारने ते बदलून राजगड केलं. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. वाटेत पाल खुर्दला सईबाईंची समाधी आहे. गडावरही पद्मावतीच्या देवळासमोर एक समाधी त्यांचीच म्हणून दाखवतात. दोन्ही ठिकाणी लोक फुलं वाहतात आणि त्यात मला वावगं वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी पुण्याहून आलेल्या गाड्या लागलेल्या असतात. एखाद्या गाडीतून टोपी घातलेली चार वर्षांची मुलगी पळत सुटते आणि मागून आई ओरडते, ‘सई, थांब! पडशील!’ साडेतीनशे वर्षांपूर्वी याच वाटेवर जे नाव तुम्हाला ऐकायला मिळालं नाही, ते आता असं खुशाल ओरडून घेता येतं. बाई गळाली, पदवी गळाली, राहिलं दोन अक्षरांचं नाव. जोडाक्षर नाही, परदेशातल्या शिक्षिकेच्या जिभेला अडखळायला काही नाही.

म्हणजे तसं वाटतं. प्रत्यक्षात इंग्रजीत एस, ए, आय लिहिलं की महाराष्ट्राबाहेर प्रत्येक जण ‘साई’ वाचतो, आणि साई म्हटलं की शिर्डी. मुलगी हजेरीत मुलगा होते. म्हणून कुणी दोन ई घालतं, कुणी मध्ये वाय. सांगलीच्या सई ताम्हणकरने मराठी पडदा गाजवल्यापासून निदान इकडे तरी समजावून सांगावं लागत नाही. संभाजीराजांवरच्या मालिका आणि सिनेमे आले तसं आणखी घरोघर पोचलं. पण हे सगळं नंतरचं. मूळ कारण मला तरी साधं वाटतं: आईबापांना मुलीला देवी करायचं नव्हतं, वीरांगना करायचं नव्हतं, जगाला उजळून टाकणारी ज्योतही करायचं नव्हतं. कोणीतरी जवळचं, एवढंच म्हणायचं होतं. मराठी नावांमध्ये इतकी कमी अपेक्षा ठेवणारी नावं फार नाहीत.

बारशाच्या घरी पाळणा सजलाय. ओल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या, सुंठवडा. शेजारच्या बाया जमल्यात. जन्मदाखल्याची घाई नाही. नाव नसताना नोंद झाली असली तरी वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत थोडं शुल्क भरून. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आता क्रम बदललाय: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. वहिनीचं नाव पहिल्यांदाच असं मुलीच्या नावाला खेटून बसणार. ती त्या गोष्टीवर जास्त खूश आहे आणि बरोबरच आहे.

कोपऱ्यात तुमची आजी बसली आहे, बाळाची पणजी. सुरकुतलेल्या हातावर नाव गोंदलेलं आहे, पोटऱ्यांवर तुळस. गोंदलेली अक्षरं आता पसरून निळसर झालीत, पण वाचता येतात. सखू. ती तुम्हाला खुणेने जवळ बोलावते.

‘काय ठिवनार गं?’

‘सई.’

‘मंजी मैतरीन.’ ती मान हलवते. ‘आमी म्हनायचो एकमेकींला.’ मग थोड्या वेळाने, ‘माजं बी तेच की.’

तुम्ही गप्प. खोलीत कुणालाच हे सुचलं नव्हतं. यादी करणाऱ्या वहिनीला नाही, ॲप बघणाऱ्या भावाला नाही, आणि साडेतीनशे वर्षं फिरून आलेल्या तुम्हालाही आजीकडे बघून सुचलं नव्हतं. हे नाव पालच्या समाधीवरून आणायची गरजच नव्हती, ते याच घरात चुलीपाशी बसून होतं. मग तुम्ही आजीच्या नावाने ठेवायचं म्हणून पाहता, नुसतं मनात. सखू अमुक तमुक. शाळेचं दप्तर, वाढदिवसाचा केक, त्यावर सखू. जमत नाही. आजीलाच जमत नाही: ‘नगं गं बया, पोरं हसतील तिला.’

पाठीवर धपाटे पडायच्या आत तुम्ही बाळाच्या कानात सई म्हणून टाकता.

अजून एक मुक्काम बाकी आहे, तो घेऊन टाका. साल २०९२. वेल्ह्याला, की राजगडला, जे काय म्हणत असतील ते, एक बारसं आहे. हातातल्या यंत्राचं नाव तुम्हाला माहीत नाही, पण त्यात नावांची यादी आहे हे ओळखता येतं. वर्गात आधीच दोन सखू आहेत म्हणून आडनावाचं अक्षर लावायचं का यावर बोलणं चाललंय. एकजण धाराऊ सुचवते, इतिहासातलं आहे, कापूरहोळचं, आणि सगळ्या त्यावर खूश होतात, कारण त्या नावाच्या बाईला कुणीही राबताना पाहिलेलं नाही. खुर्चीत अडुसष्ट वर्षांची एक आजी बसली आहे. तिला कमी ऐकू येतं. नवी आत्या तिच्याकडे बघून हसते आणि मैत्रिणीला हळूच म्हणते, ‘आजीचं नाव ठेवायचं म्हणत होते सगळे. पण सई? अगदीच काकूबाई वाटतं गं.’